पिवळ्या रुमालांचा रविवार

अमेरिकन फुटबॉल हा खेळ ज्या कोणी काढला त्याला मोजमापातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं शलाका गव्हाणकरचं ठाम मत होतं. आणि ती काही अशीतशी बाई नव्हती. टोलेडो शहरातल्या एका प्रयोगशाळेत काचेच्या धाग्यांतून जाणारा प्रकाश मोजण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. केसाच्या हजाराव्या भागावरून ती सहकाऱ्यांशी भांडायची आणि जिंकायचीही.

आता या खेळाची तऱ्हा बघा. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार. एक नऊवारी उलगडायची आणि वर आणखी एक वार धरायचा. तेवढं अंतर कापलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात जातो. चेंडू घेऊन पळणारा गडी पडला की त्याच्या अंगावर दहा-बारा धटिंगण कोसळतात. त्या ढिगाखाली चेंडू कुठवर पोचला होता, हे पंच लांबून नजरेनं ठरवतो, धावत येतो आणि अंदाजानं एका जागी चेंडू ठेवतो. आणि मग, अहो मग दोन माणसं दहा यार्डांची साखळी घेऊन मैदानात येतात, ती ताणून धरतात आणि बोटाबोटाचा निवाडा करतात! म्हणजे गहू घ्यायचा मुठीनं आणि पीठ तोलायचं सोनाराच्या काट्यावर.

तिच्या नवऱ्याला, श्रीरंग पाध्येला, याचं काही वाटायचं नाही. "शलाके, खेळ आहे तो, प्रयोग नाही," असं म्हणून तो तिच्या हातात शेंगदाण्यांची पुडी द्यायचा. टोलेडोचा संघ 'फर्नेस'. हे काचकारखान्यांचं गाव, म्हणून संघाचं नाव भट्टीवरून. घरात त्यांना भट्टीवालेच म्हणत. उत्तरेच्या कोपऱ्यात बाविसाव्या रांगेत या दोघांच्या एकोणीस वर्षं ठरलेल्या खुर्च्या होत्या, आणि त्या एकोणीस वर्षांत भट्टीवाल्यांनी एकदाही अंतिम सामना गाठला नव्हता.

विसाव्या वर्षी ते उपान्त्य फेरीत पोचले. श्रीरंगची फुप्फुसं तोवर संपत आली होती. डॉक्टर नको म्हणत असताना तो ऑक्सिजनची नळकांडी चाकांवर ओढत स्टेडियममध्ये आला. शेवटचं दीड मिनिट उरलं होतं, चौथा प्रयत्न होता, एक यार्ड हवा होता. भट्टीवाल्यांचा गडी त्या गर्दीत घुसला आणि रेषेपलीकडे सपशेल पालथा पडला. बाविसाव्या रांगेतून दिसलं, मोठ्या पडद्यावर दिसलं, साठ हजार माणसांना दिसलं. दिसलं नाही ते फक्त ग्रेगरी हॉल्ट नावाच्या पंचाला. त्यानं चेंडू रेषेच्या अलीकडे ठेवला. साखळी आली, ताणली गेली, आणि चेंडू चार बोटं कमी पडला. प्रशिक्षकाच्या दाद मागायच्या दोन्ही संधी आधीच वापरून झाल्या होत्या. खेळ खलास.

श्रीरंग ओरडलासुद्धा नाही. ओरडायला श्वास कुठे होता? तो नुसता बोट दाखवत राहिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. शेवटच्या सकाळी त्याला शुद्ध होती. शलाका हात धरून बसली होती, एकोणीस वर्षांची मनवा पायाशी बसली होती. माणूस अशा वेळी मुलीला काही सांगतो, बायकोला काही सांगतो. श्रीरंग म्हणाला, "चेंडू पुढे होता गं." आणि संपलं. तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं वाक्य त्या मेल्या हॉल्टनं खाल्लं!

लोक दुःख करतात, हळूहळू विसरतात. शलाकानं डूख धरला.

हा गुण तिला माहेरून आलेला. तिचे वडील अण्णा बदलापुरात एका काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनमध्ये होते. मालक ऐकेना, तेव्हा अण्णांनी संप केला नाही. संप केला की पोलीस येतात. अण्णांनी पुकारलं 'नियमाप्रमाणे काम'. पेटीवर छापलं होतं, आत पन्नास काड्या. कारखान्याच्या नियमावलीत लिहिलं होतं, संख्येची खात्री करूनच पेटी बंद करावी. तो नियम कधी कोणी पाळला नव्हता. त्या सोमवारी सगळ्यांनी पाळला. बाया-माणसं मांडी ठोकून एकेक काडी मोजत बसली. मालक तणतणत आला तर अण्णा अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमचाच नियम." चौथ्या दिवशी साहेब नमला. अण्णा नेहमी सांगायचे, "पोरी, वरच्याला त्याचा नियम मोडून मारू नये, पाळून मारावं. त्याला ओरडताही येत नाही."

शलाकानं ते ऐकलं होतं, आणि आता नेमकं तेच तिच्या कामी येणार होतं.

तिच्या धाग्याची गोष्ट अशी. केसाहून बारीक काचेच्या धाग्यात अतिसूक्ष्म रेघांचे पुंजके कोरता येतात. प्रत्येक पुंजका प्रकाशातला एकच रंग परत फिरवतो आणि बाकीचे पुढे जाऊ देतो. धागा ताणला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परतणारा रंग किंचित बदलतो. कोणता रंग बदलला यावरून धागा कुठे ओढला गेला ते कळतं, आणि किती बदलला यावरून किती जोरानं ओढला ते. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक हातात धरलं की दुसऱ्या टोकाला कावळा बसलेला समजतो, तसंच हे. शलाकानं हा धागा खेळाडूंच्या सदऱ्यांत विणला. कोण कुणाला कुठे धरतंय, ढकलतंय, ओढतंय, ते सगळं ग्रॅममध्ये कळू लागलं.

चेंडूच्या दोन्ही टोकांना तिनं मुगाच्या दाण्याएवढे प्रक्षेपक बसवले. मैदानाभोवतीच्या बारा अँटेना त्यांचे रेडिओ-संदेश टिपत. रेडिओ-लहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात फूटभर जाते. तो अब्जावा भागही तुकडे करून मोजला की चेंडूची जागा बोटाच्या पेरापर्यंत सांगता येते. सदऱ्यांची आणि चेंडूची ही सगळी माहिती एका संगणकाकडे जाई. संगणकाला लीगचं, म्हणजे हे सामने भरवणाऱ्या संस्थेचं, नियमपुस्तक पाठ होतं. नियम मोडला की ज्या पंचाच्या समोर मोडला त्याच्या कानात 'टिक्' वाजायचं, आणि त्यानं पिवळा रुमाल मैदानात टाकायचा. या खेळात पंच गुन्हा असाच जाहीर करतात, खिशातला पिवळा रुमाल फेकून.

यंत्राचं नाव तिनं ठेवलं 'साक्षी'. अमेरिकन लोक 'सॅक्शी' म्हणायचे. म्हणोत बापडे.

पंचांच्या घोडचुकांनी प्रेक्षक पिसाळले होते, लीगची अब्रू वेशीला टांगली गेली होती. लीगनं साक्षीवर झडप घातली. करारासाठी शलाका न्यूयॉर्कला गेली आणि टेबलापलीकडे कोण बसलेलं असावं? ग्रेगरी हॉल्ट! चूक केलेल्या माणसाला बढती मिळते हा नियम सगळ्या देशांत सारखाच. तो आता लीगचा नियमप्रमुख होता. केस पिकलेला, बोलायला गोड. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "डॉक्टर गव्हाणकर, तुम्ही आम्हाला वाचवलंत." शलाका हसली. नऊ वर्षांत इतकं छान ती हसली नव्हती.

"एकच गोष्ट हवी," ती म्हणाली. "नियमपुस्तकात लिहिलंय, समोरच्या खेळाडूचा सदरा धरू नये. किती जोरानं धरला म्हणजे गुन्हा, ते लिहिलेलं नाही. मला एक आकडा लिहून द्या."

हॉल्टनं वकिलाकडे पाहिलं. वकील खुर्चीत ताठ झाला. "आकडा नाही. आज आकडा लिहिला तर उद्या हरलेला प्रत्येक संघ विचारेल, आजवर कोणता आकडा होता? आजवर पंचाच्या मर्जीवर होतं, हे आम्ही लिहून देणार नाही."

"मग यंत्रानं काय करायचं?"

"जे पुस्तकात आहे ते."

"शब्दशः?"

"शब्दशः," वकील म्हणाला, करारात तशी ओळ घातली आणि तिच्यापुढे हॉल्टनं सही केली.

करारात आणखी एक कलम होतं. सट्टेवाल्यांनी ढवळाढवळ करू नये म्हणून यंत्र हंगामभर सीलबंद राहणार. उघडायचं तर हॉल्ट आणि शलाका, दोघांच्या सह्या लागणार.

आता खरी गोम ऐका. शलाकानं सराव-सामन्यांवर चाचण्या घेतल्या होत्या. या खेळात सदरा सगळेच धरतात. एकही चाल अशी नसते की चार-सहा जण एकमेकांना धरत नाहीत. पंच त्यातलं अगदी डोळ्यांवर आलेलं तेवढं पकडतात आणि बाकीचं सोडून देतात, म्हणून खेळ चालतो. साक्षी काहीच सोडणार नव्हती. त्या चाचण्यांचा तक्ता शलाकाकडे होता. खेळ चालू राहील आणि अन्यायही होणार नाही असा आकडाही तिनं काढून ठेवला होता. तक्ता आणि आकडा दोन्ही तिनं घरच्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. लीगची जगापुढे फजिती होऊ दे. मग हॉल्ट हात जोडत येईल. मग आकडा देऊ, त्या बदल्यात त्याच्या हातानं एक ओळ लिहून घेऊ: त्या दिवशी चेंडू पुढे होता. बस्स, एवढंच हवं होतं तिला.

सगळं जुळून आलं होतं. फक्त मनवाचं काय करायचं, ते सुचत नव्हतं.

मनवा पाध्ये आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि पंच झाली होती. बाबा गेले त्या वर्षी तिनं शाळकरी पोरांच्या सामन्यांपासून सुरुवात केली होती. "कोणीतरी नीट बघायला हवं ना, आई," असं ती म्हणायची. पावसात, बर्फात, शिव्या खात तिनं नऊ वर्षं काढली आणि यंदा लीगमध्ये रेषापंच झाली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले: आई यंत्र करते, मुलगी शिट्टी वाजवते. साक्षीचा पहिला सामना टोलेडोतच होता. आणि पंचांच्या यादीत मनवाचं नाव.

"या रविवारी सुट्टी घे," शलाका म्हणाली.

"वेडी आहेस का? आपल्या मैदानावरचा माझा पहिला सामना आहे. बाबांच्या खुर्चीवरून मला बघ तू."

"नवीन यंत्र आहे. काही गडबड झाली तर..."

"तू केलेल्या यंत्रात गडबड?" मनवा हसली. "तुझ्या आमटीत मीठ एखाद वेळी कमी पडेल."

सांगायची वेळ होती ती. शलाकानं तोंड उघडलंही होतं. पण सांगितलं असतं तर पोरीनं तिथल्या तिथे हे थांबवायला लावलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

रविवारी दुपारी एक वाजता सामना सुरू झाला. पहिल्याच चालीला मैदानावर पाच पिवळे रुमाल पडले. मुख्य पंचानं गुन्हे जाहीर केले, चेंडू दहा यार्ड मागे. दुसऱ्या चालीला सहा रुमाल, चेंडू आणखी मागे. तिसऱ्या चालीला दोन्ही बाजूंनी गुन्हे. दोन्ही बाजू गुन्हेगार असल्या की गुन्हे एकमेकांत फिटतात आणि चाल पुन्हा खेळायची असते. ती पुन्हा खेळली, पुन्हा रुमाल. चेंडू पुढे जायचा सोडून रिव्हर्स घेतलेल्या ट्रकसारखा मागे मागे चालला.

लोक आधी हसले. रुमाल पडला की साठ हजार माणसं एका सुरात आकडा मोजू लागली. चाळीस! एक्केचाळीस! वर काचेच्या खोलीत संघमालकांच्या मध्ये हॉल्ट उभा होता, दोन्ही कानांना दोन फोन. शलाकाच्या पिशवीत श्रीरंगची छोटी दुर्बीण होती. तिनं ती हॉल्टच्या तोंडावर लावली. त्याचा चेहरा घामानं निथळत होता. काय सांगू, तिच्या जिवाला असं गार वाटलं! नऊ वर्षांचा दाह एका दुपारीत विझत होता. "बघ," ती बाजूच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "बघ मेल्याचं तोंड."

तासाभरानं हसणं थांबलं. घड्याळात पहिल्या डावाची जेमतेम सात मिनिटं सरली होती. लोकांनी वर्षभर वाट पाहिली होती, पोराबाळांना घेऊन आले होते. राग कुणावर काढायचा? यंत्र दिसत नाही. नियमपुस्तक दिसत नाही. काचेच्या खोलीपर्यंत आवाज पोचत नाही. दिसतो तो रुमाल टाकणारा हात. उत्तरेच्या कोपऱ्यापुढे तो हात मनवाचा होता.

"आंधळे!" कोणीतरी ओरडलं. मग आणखी कोणी. मग सगळा कोपरा. रंगावरून बोलले, बाईपणावरून बोलले, परत जा म्हणाले. टोलेडोच्याच दवाखान्यात जन्मलेली पोरगी, तिनं कुठे परत जायचं? शलाका खुर्चीतून उठली. असल्याच शिव्या, याहून वाईट शिव्या, याच रांगेतून ती स्वतः पंचांना मराठीत देत आली होती, आणि इतकी वर्षं आजूबाजूचे लोक तिला टाळ्या देत आले होते.

पुढच्या टिक्-ला मनवानं रुमाल टाकला, आणि मागच्या रांगेतून एक भरलेला बिअरचा डबा सणसणत गेला. तिच्या भुवईवर बसला. ती गुडघ्यावर कोसळली.

शलाकानं वळून पाहिलं. डबा फेकणारा एड होता, मागच्या खुर्चीवरचा त्यांचा वर्षानुवर्षांचा शेजारी. श्रीरंग गेला तेव्हा तीन दिवस घरी गरम सूप आणून देणारा एड. त्याचा हात अजून हवेत होता. "ती माझी मुलगी आहे!" शलाका किंचाळली. एडनं तिच्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, आणि तो मटकन खाली बसला. त्या पोरीला त्यानं फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. टोपी-शिट्टीत ओळखलं नव्हतं.

मनवा उठली. रक्त गालावरून गळ्यापर्यंत आलं होतं. डॉक्टर धावत येत होते, तिनं त्यांना हातानं थांबवलं. चाल चालू होती. कानात टिक् वाजलं असणार, कारण तिनं खिशातून दुसरा रुमाल काढला आणि मैदानात टाकला.

मध्यंतराला सामना रद्द झाला. एकशे अठ्ठावन्न रुमाल, आणि गुण शून्य-शून्य.

रात्री नऊच्या सुमाराला हॉल्टचा फोन आला. शलाका स्वयंपाकघरात होती. चार टाके पडलेली मनवा आतल्या खोलीत झोपली आहे अशी तिची समजूत होती.

"तुमच्याकडे आकडा आहे," हॉल्ट म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "चाचण्या घेतल्याशिवाय तुम्ही यंत्र देणाऱ्यातल्या नाही. काय हवंय?"

शलाकानं सांगितलं. सामन्याची तारीख सांगितली, वेळ सांगितली, रेषा सांगितली. "तुमच्या हस्ताक्षरात हवं. खाली सही."

"उद्या सकाळी येतो," हॉल्ट म्हणाला. "पण हे आपल्या दोघांतच राहील."

ती फोन ठेवून वळली तर दारात मनवा. भुवईवर पट्टी, हातात बर्फाची पिशवी.

"तुला माहीत होतं," मनवा म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

शलाका खोटं बोलू शकली असती. बोलली नाही. खण उघडून तिनं तक्ता टेबलावर ठेवला. मनवानं उभ्याउभ्या तो वाचला. वाचताना तिचे ओठ पांढरे पडत गेले.

"म्हणजे असं होणार हे ठाऊक असून तू मला मैदानात जाऊ दिलंस."

"सुट्टी घे म्हटलं होतं मी."

"आई!"

"तुझ्या बापासाठी केलं!" शलाकाचाही आवाज चढला. "मरताना माणूस काय म्हणाला, विसरलीस? त्या हॉल्टनं त्याचा शेवटचा श्वास नासवला. त्याला असा सोडू मी?"

"मी विसरले असते तर नऊ वर्षं चिखलात धावले असते का?" मनवा खुर्चीवर बसली. "ऐक. आम्ही पंच दर वर्षी एक शपथ लिहून देतो. सामन्यात कुणाचा खाजगी हेतू गुंतला आहे असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत लीगच्या चौकशी मंडळाला कळवायचं. ते मंडळ हॉल्टच्या हाताखाली नाही. आणि त्या कागदावर आई वगळून, असं कुठे लिहिलेलं नाही."

"तू माझी तक्रार करणार? माझी?"

"मला कळलंय ना आता."

"सकाळी तो येतोय. एवढी ओळ मिळू दे. मग हवं ते कर."

मनवानं बर्फाची पिशवी भुवईवर दाबली. "येऊ दे त्याला," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दहाला हॉल्ट आला. नऊ वर्षं जिला पाण्यात पाहिलं ती असामी शलाकाच्या स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर हात ठेवून बसली होती. मनवा समोरच्या खुर्चीत बसली. पंचाचा काळा-पांढरा पट्ट्यांचा सदरा घालून. हॉल्टला ते खटकलं, पण त्याला आकड्याची घाई होती. त्यानं खिशातून कोरा कागद काढला आणि लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं कागद शलाकापुढे सरकवला.

'त्या दिवशी चेंडू रेषेच्या पुढे होता. मला तो दिसला नव्हता. मी अंदाजानं ठेवला.'

खाली सही होती. शलाकानं ती अक्षरं दोनदा वाचली. तिनं आकड्याची चिठ्ठी हॉल्टच्या हातात ठेवली.

तेवढ्यात मनवा उठली आणि फोननं त्या कागदाचा फोटो काढला. मग चिठ्ठीचा. मग त्या दोघांचा, एकाच टेबलावर.

"हे काय चाललंय?" हॉल्ट ओरडला.

"सर, मी लीगची पंच आहे," मनवा म्हणाली. "माझ्या आईनं चाचणीचा तक्ता लपवला आणि सूड म्हणून सामना नासवला. ते कळून तुम्ही ते मंडळापासून लपवलंत आणि गुपचूप सौदा केलात. दोन्ही बाजूंचा गुन्हा. बाराच्या आत मला कळवायचं आहे."

हॉल्टचा चेहरा उतरला. जुन्या सवयीनं तो म्हणाला, "दोन्ही बाजूंचे गुन्हे फिटतात. चाल पुन्हा खेळायची."

"मैदानात," मनवा म्हणाली. "हे स्वयंपाकघर आहे."

"अगं, ही तुझी आई आहे! ती संपेल यात."

"मला ठाऊक आहे, सर." इथे तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तुम्ही तेव्हा एकदा 'मला दिसलं नाही' म्हणाला असतात ना, तर आज कोणीच संपलं नसतं."

हॉल्ट कागद न घेताच निघून गेला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मनवानं तक्रार पाठवली. मग ती बॅग उचलून मैत्रिणीकडे राहायला गेली.

गुरुवारी निकाल लागला. सदऱ्यांतली साक्षी मैदानातून बाहेर. चेंडूची जागा सांगण्यापुरतं तिचं काम उरलं. ग्रेगरी हॉल्ट बडतर्फ. शलाका गव्हाणकरला लीगच्या कोणत्याही स्टेडियममध्ये जन्मभर प्रवेशबंदी. बाविसाव्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या काढून घेण्यात आल्या. आणि तक्रारीसोबत पुरावा म्हणून जोडलेली हॉल्टची ती ओळ, त्याच्याच अक्षरात, देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली.

शलाकानं ती वाचली आणि मोठ्यांदा हसली. खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला, चांगला सणसणीत आनंद. हॉल्ट धुळीला मिळाला होता, आणि तोही दोघांतल्या दोघांत नाही, साऱ्या जगासमोर. तिनं तिच्या पद्धतीनं केलं असतं तर ती ओळ तिच्या खणातच पडून राहिली असती. मग तिनं पुढचा मजकूर वाचला. तक्रारदार: मनवा पाध्ये, रेषापंच. तिचं हसणं तिथे थांबलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोलायचं कुणाला? हॉल्टचा निर्णय चूक होता, म्हणून त्याच्यावर नऊ वर्षं दात धरता आला. पोरीचा निर्णय बरोबर होता. त्याला कुठे धरायचं, तेच तिला कळेना.

शनिवारी दुपारी दाराशी मनवा उभी. टाक्यांभोवती जांभळं पडलेलं. दुसऱ्या दिवशी तिचा सामना होता, टोलेडोतच.

"येऊ का आत?"

शलाका दारातून बाजूला झाली. मनवा हात धुऊन खुर्चीत बसली, लहानपणापासून बसायची तशीच, एक पाय पोटाशी घेऊन. शलाकानं ताट वाढलं. मायलेकी जेवू लागल्या.

"तुझ्या बापाचं झालं," शलाका म्हणाली. "आता माझं तुझ्याशी आहे. तू मला त्या मैदानातून बाहेर काढलंस, घरातून काढावं तसं. मी हे विसरणार नाही, सांगून ठेवते."

"माहितीये," मनवा म्हणाली. "मीही रविवारचं विसरणार नाही. किती वर्षं धरायचं?"

"बघू," शलाका म्हणाली. "माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. नऊपेक्षा कमी नाही व्हायची."

"चालेल," मनवा म्हणाली आणि ताट पुढे केलं. शलाकानं रागारागानं तिला आणखी एक पोळी वाढली.